जमखंडी ते राष्ट्रपतिपद : कै. बी. डी. जत्ती

मल्लेश्वरमहून विधानसौधाकडे जायला निघालो की वाटेत बसवेश्वर सर्कल लागते. जुन्या मंडळींच्या तोंडी अजूनही चालुक्य सर्कल हेच नाव आहे. त्याच परिसरात बसव समितीचे बसव भवन आहे. आपल्यापैकी अनेकांनी ते जाता-येता पाहिले असेल. ही समिती १९६४ साली स्थापन करणारे कै. बसप्पा दानप्पा जत्ती म्हैसूर राज्याचे मुख्यमंत्री होते आणि पुढे देशाचे उपराष्ट्रपती झाले, एवढे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु १९७७ साली साडेपाच महिने ते देशाचे कार्यवाहक राष्ट्रपती होते, आणि त्या काळात एका कागदावर सही करण्यापूर्वी ते एक दिवस थांबले म्हणून दिल्लीत केवढी खळबळ उडाली, हे नव्या पिढीला फारसे माहीत नाही. यंदाच्या स्मरणिकेच्या निमित्ताने या बेंगळूरुवासी नेत्याच्या जीवनाचा आणि त्या एका दिवसाचा हा परिचय.

जमखंडीचा वकील

जत्तींचा जन्म १० सप्टेंबर १९१२ रोजी जमखंडीजवळच्या सावळगी या गावी झाला. वडिलांचे किराणा मालाचे छोटे दुकान होते. घर लिंगायत, मातृभाषा कन्नड. जमखंडी हे त्या वेळी पटवर्धन घराण्याचे संस्थान होते. तासगावचे गणपती मंदिर उभारणारे परशुरामभाऊ पटवर्धन हे या घराण्याचे पूर्वज. त्यामुळे कन्नड बोलणारी प्रजा आणि मराठी राजघराणे असे ते दुभाषी वातावरण. आपल्या समाजातील ज्या मंडळींचे मूळ गाव विजापूर, बेळगाव, सांगली किंवा कोल्हापूरकडे आहे, त्यांना ते वेगळे सांगायला नको.

कायद्याचे शिक्षण घेण्यासाठी जत्ती कोल्हापूरला गेले आणि परत येऊन जमखंडीत वकिली करू लागले. १९४० साली ते नगरपालिकेवर निवडून आले व १९४५ साली नगराध्यक्ष झाले. त्यानंतर ते संस्थानच्या विधिमंडळात गेले, मंत्री झाले आणि १९४८ मध्ये संस्थानचे दिवाण झाले. म्हणजे गावच्या किराणा दुकानदाराचा मुलगा पस्तिशीत संस्थानचा कारभारी झाला होता. पण हे पद फार दिवस टिकणारे नव्हते. मार्च १९४८ मध्ये दक्षिणेकडील संस्थाने मुंबई राज्यात विलीन झाली. दिवाणपद संपले, आणि जत्ती कोणताही गाजावाजा न करता पुन्हा काळा कोट घालून कोर्टात उभे राहिले. मोठे पद गेल्यावर शांतपणे आपल्या कामाला लागण्याचा हा गुण पुढेही त्यांच्यात दिसतो.

मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात

विलीन झालेल्या भागाचे प्रतिनिधी म्हणून त्यांची मुंबई विधानसभेवर नियुक्ती झाली आणि लवकरच ते मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांचे संसदीय सचिव झाले. १९५२ च्या निवडणुकीनंतर मोरारजी देसाई मुख्यमंत्री झाले. त्यांच्या मंत्रिमंडळात जत्ती आरोग्य व कामगार खात्याचे उपमंत्री होते. मोरारजींची शिस्त आणि करडेपणा त्यांनी चार वर्षे जवळून पाहिला. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पंचवीस वर्षांनी या दोघांची गाठ फार वेगळ्या नात्याने पडणार होती.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि जमखंडी म्हैसूर राज्यात आली. जत्तींचे कार्यक्षेत्र मुंबईहून बेंगळूरुला हलले. येथे ते जमीन सुधारणा समितीचे अध्यक्ष झाले. या समितीच्या कामातून पुढे १९६१ चा जमीन सुधारणा कायदा झाला. १९५८ मध्ये निजलिंगप्पा मुख्यमंत्रिपदावरून दूर झाले, तेव्हा जुन्या म्हैसूरच्या अनुभवी नेत्यांना बाजूला सारून आमदारांनी जत्तींची निवड केली. मे १९५८ ते मार्च १९६२ असे जवळजवळ चार वर्षे ते मुख्यमंत्री होते. १९६२ साली निजलिंगप्पा पुन्हा मुख्यमंत्री झाले, तेव्हा जत्तींनी त्यांच्या हाताखाली अर्थमंत्री म्हणून काम केले. एकदा वरच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला खालच्या खुर्चीत बसणे जड जाते. जत्तींना ते जड गेल्याचे दिसले नाही.

राज्यपालपदाचा धडा

ऑक्टोबर १९६८ मध्ये ते पाँडिचेरीचे नायब राज्यपाल झाले आणि नोव्हेंबर १९७२ मध्ये ओरिसाचे राज्यपाल. ओरिसातील एक प्रसंग त्यांच्या पुढच्या आयुष्याच्या संदर्भात महत्त्वाचा आहे. मार्च १९७३ मध्ये पक्षांतरामुळे नंदिनी सत्पथी यांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. विरोधी नेते बिजू पटनाईक यांनी आपल्याकडे बहुमत असल्याचा दावा केला. राज्यपाल जत्तींनी त्यांना सरकार बनवू दिले नाही. राष्ट्रपती राजवटीची शिफारस झाली आणि विधानसभा बरखास्त झाली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, तरी राष्ट्रपती राजवट कायम राहिली.

बहुमत आहे की नाही हे सभागृहात ठरवायचे की राजभवनात, हा प्रश्न त्या वेळी जत्तींनी राजभवनात सोडवला. त्यांच्यावर टीका झाली आणि ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. निवडून आलेली विधानसभा एका सहीने संपते म्हणजे काय होते, हे मात्र त्यांनी तेव्हा स्वतः अनुभवले.

ऑगस्ट १९७४ मध्ये काँग्रेसने त्यांना उपराष्ट्रपतिपदाची उमेदवारी दिली. निरल एनेम होरो यांचा ५२१ विरुद्ध १४१ मतांनी पराभव करून ते निवडून आले. उपराष्ट्रपती म्हणून ते राज्यसभेचे सभापतीही झाले.

आणीबाणीची सही

पुढच्याच वर्षी २५ जून १९७५ च्या मध्यरात्रीच्या सुमारास राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी अंतर्गत आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. त्या सहीपूर्वी केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठकही झालेली नव्हती. ती दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता झाली आणि मंत्र्यांना झालेली गोष्ट सांगण्यात आली. तोपर्यंत अटकसत्र सुरू झाले होते. अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी आणि मधु दंडवते हे त्या दिवशी संसदीय समितीच्या कामासाठी आपल्या बेंगळूरुतच होते आणि येथेच त्यांना अटक झाली, हे ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल.

आणीबाणीच्या एकवीस महिन्यांत जत्ती उपराष्ट्रपतिपदावर होते. राज्यसभेचे कामकाज त्यांनी चालवले. त्यांनी या काळात जाहीर विरोध केला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. याच काळात बेचाळिसावी घटनादुरुस्ती झाली. मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानुसार राष्ट्रपतींनी वागावे हा पूर्वीचा संकेत होता आणि सर्वोच्च न्यायालयानेही तो मान्य केला होता. या दुरुस्तीने तो संकेत कलम ७४ मध्ये स्पष्ट शब्दांत बंधनकारक केला. जानेवारी १९७७ पासून ही तरतूद लागू झाली. राष्ट्रपतींना सल्ला नाकारण्याचा तर नाहीच, पण तो परत पाठवून पुन्हा विचार करा असे सांगण्याचाही अधिकार घटनेत लिहिलेला नव्हता.

साडेपाच महिने

लोकसभा बरखास्त होऊन निवडणुका जाहीर झालेल्या असतानाच ११ फेब्रुवारी १९७७ रोजी राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांचे निधन झाले. राष्ट्रपतिपद रिकामे झाल्यास उपराष्ट्रपतींनी ते सांभाळावे आणि सहा महिन्यांत नवी निवड व्हावी, अशी घटनेची व्यवस्था आहे. त्याप्रमाणे जत्ती कार्यवाहक राष्ट्रपती झाले.

मार्चमध्ये निकाल लागले. काँग्रेस १५४ जागांवर आली. खुद्द इंदिरा गांधी रायबरेलीत पराभूत झाल्या. २१ मार्चला अंतर्गत आणीबाणी उठवण्यात आली. ज्या घोषणेवर फक्रुद्दीन अली अहमद यांची सही होती, ती मागे घेण्याचे काम जत्तींच्या वाट्याला आले. २४ मार्चला जत्तींनी मोरारजी देसाई यांना पंतप्रधानपदाची शपथ दिली. देशातील पहिले बिगरकाँग्रेस सरकार सत्तेवर आले. मुंबई सरकारातील एका माजी उपमंत्र्याने आपल्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांना शपथ द्यावी, असा हा योग होता.

दिल्लीतील सत्तांतर असे शांततेत पार पडले. खरी कसोटी पुढच्या महिन्यात लागली.

नऊ विधानसभांचा प्रश्न

लोकसभा निवडणुकीत उत्तर भारतात काँग्रेसची धूळधाण झाली होती. उत्तर प्रदेशात ८५ आणि बिहारमध्ये ५४ जागा होत्या, आणि दोन्हीकडे काँग्रेसला एकही मिळाली नाही. परंतु त्या राज्यांत विधानसभा जुन्याच होत्या आणि सरकारे काँग्रेसची होती. त्यातील बहुतेक विधानसभा १९७२ साली निवडलेल्या होत्या. त्यांची पाच वर्षांची मुदत संपत आली होती, पण बेचाळिसाव्या दुरुस्तीने ती सहा वर्षे झाली होती. उत्तर प्रदेश आणि ओरिसाच्या विधानसभा मात्र १९७४ च्या होत्या.

१८ एप्रिलला गृहमंत्री चरणसिंग यांनी नऊ राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्रे लिहिली. उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेश, राजस्थान, पंजाब, हरियाणा, हिमाचल प्रदेश, ओरिसा आणि पश्चिम बंगाल ही ती राज्ये. जनतेचा विश्वास गेला आहे, तेव्हा राज्यपालांना सांगून विधानसभा बरखास्त करा व नव्याने कौल घ्या, असा पत्रांचा आशय होता. यात आपले कर्नाटक नव्हते, कारण येथे काँग्रेसने २८ पैकी २६ जागा जिंकल्या होत्या. महाराष्ट्रही नव्हता, तेथे काँग्रेसला ४८ पैकी २० जागा मिळाल्या होत्या.

या मागणीत तथ्य होते, तसाच धोकाही होता. लोकांनी ज्या पक्षाला इतक्या स्पष्टपणे नाकारले, त्याने राज्यात सत्तेवर राहावे का, हा प्रश्न योग्य होता. पण लोकसभेचा कौल वेगळा आणि विधानसभेचा वेगळा. एका निवडणुकीच्या निकालावरून दुसऱ्या सभागृहाला घरी पाठवण्याचा पायंडा पडला, तर पुढे प्रत्येक केंद्र सरकार तेच करील, ही भीतीही योग्य होती. शिवाय ऑगस्टपूर्वी राष्ट्रपतिपदाची निवडणूक व्हायची होती आणि तीत आमदारांना मते असतात. त्यामुळे विधानसभा कोणाच्या ताब्यात आहेत याला दोन्ही बाजूंच्या दृष्टीने मोल होते.

सहा राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. सरन्यायाधीश मिर्झा हमीदुल्ला बेग यांच्या अध्यक्षतेखाली सात न्यायमूर्तींचे पीठ बसले. त्यात पुण्यात जन्मलेले न्या. यशवंत विष्णू चंद्रचूडही होते. २९ एप्रिलला न्यायालयाने राज्यांचे दावे एकमताने फेटाळले. मंत्रिमंडळाने लगेच नऊ विधानसभा बरखास्त करण्याचा सल्ला कार्यवाहक राष्ट्रपतींकडे पाठवला.

तो एक दिवस

जत्तींनी सही केली नाही. आपल्याला विचार करायला वेळ हवा, अशी भूमिका त्यांनी घेतली.

दिल्लीत एकच खळबळ उडाली. सर्वोच्च न्यायालयाने मार्ग मोकळा केला आहे, मंत्रिमंडळाने ठरवले आहे, मग हे कोण अडवणार, असा सूर सरकारपक्षात उमटला. काँग्रेसने नेमलेला माणूस काँग्रेसची सरकारे वाचवतो आहे, असा आरोप झाला. आणीबाणीत ज्यांनी शब्द काढला नाही, त्यांना घटना आताच कशी आठवली, असेही विचारले गेले. घटनेप्रमाणे आपला सल्ला बंधनकारक आहे, हे सरकारने त्यांना स्पष्टपणे कळवले. गंमत अशी की, ज्या बेचाळिसाव्या दुरुस्तीला रद्द करण्याचे वचन देऊन जनता पक्ष निवडून आला होता, तिच्याच बळावर तो आता राष्ट्रपतींना बांधून घालत होता.

३० एप्रिलला जत्तींनी सही केली. नऊही विधानसभा बरखास्त झाल्या. जूनमध्ये निवडणुका झाल्या. बहुतेक राज्यांत जनता पक्ष, पंजाबात अकाली दल व त्यांचे मित्रपक्ष आणि पश्चिम बंगालमध्ये डावी आघाडी सत्तेवर आली.

मग त्या एका दिवसाने साधले काय? तसे पाहिले तर काहीच नाही. सही करायचीच होती आणि ती केली. ते हटून बसले असते, तर घटनेचा भंग झाला असता आणि नुकतीच सावरलेली लोकशाही पुन्हा पेचात सापडली असती. न निवडलेल्या, केवळ कार्यवाहक असलेल्या राष्ट्रपतींनी लोकनियुक्त मंत्रिमंडळाला अडवणे कोणालाही मान्य झाले नसते. म्हणून त्यांनी अखेर सही केली, हे योग्यच झाले.

पण थांबले हेही चुकले असे वाटत नाही. त्यांच्या मनात पक्षनिष्ठा किती होती आणि घटनेची काळजी किती होती, याचा निवाडा बाहेरून करता येत नाही. दोन्ही असू शकतात. तरीही एवढे खरे की, दोन वर्षांपूर्वी देशाच्या नागरिकांचे हक्क गोठवणारी सही मंत्रिमंडळाच्या बैठकीचीही वाट न पाहता एका रात्रीत झाली होती. आता नऊ राज्यांच्या विधानसभा संपवणारी सही व्हायला एक दिवस लागला, आणि त्या एका दिवसात हा निर्णय बरोबर आहे का, याची चर्चा देशभर झाली. राष्ट्रपतींनी निर्णय बदलावा असे आपली घटना म्हणत नाही. मात्र राज्यकर्त्यांना क्षणभर थांबून पुन्हा विचार करायला लावणारे कोणीतरी वर असावे, याची गरज त्या दिवशी दिसून आली.

त्यानंतरची वाटचाल

ही गरज पुढे घटनेतच नोंदली गेली. चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने दोन महत्त्वाचे बदल केले. पहिला, मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींना आणीबाणी जाहीर करता येणार नाही. दुसरा, मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपती एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतील. फेरविचारानंतर तोच सल्ला आला, तर मात्र तो मानावा लागेल. ज्या राज्यसभेचे जत्ती सभापती होते, त्या सभागृहाने ऑगस्ट १९७८ मध्ये हे विधेयक काही बदलांसह संमत केले. त्यावर राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी यांची संमती झाली ती तारीख होती ३० एप्रिल १९७९. जत्तींच्या त्या सहीला त्याच दिवशी बरोबर दोन वर्षे पूर्ण होत होती.

भीती वाटली होती तसा पायंडाही पडला. फेब्रुवारी १९८० मध्ये इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर आल्यावर त्यांच्या सरकारने तोच युक्तिवाद करून नऊ राज्यांच्या विधानसभा बरखास्त केल्या. घटनासमितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे कलम वापरण्याची वेळच येऊ नये अशी अपेक्षा व्यक्त केली होती. प्रत्यक्षात ते पुन्हा पुन्हा वापरले गेले.

त्याला आळा बसला तो आपल्याच राज्यातील एका प्रकरणामुळे. एप्रिल १९८९ मध्ये एस. आर. बोम्मई यांचे कर्नाटक सरकार सभागृहात बहुमत अजमावू न देता बरखास्त झाले. बोम्मईंनी न्यायालयात दाद मागितली. मार्च १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताची परीक्षा सभागृहातच व्हावी, राष्ट्रपती राजवटीची घोषणा न्यायालय तपासू शकते आणि संसदेच्या मान्यतेपूर्वी विधानसभा बरखास्त करता येत नाही, असा निर्णय दिला. त्यानंतर ऑक्टोबर १९९७ मध्ये राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याचा सल्ला परत पाठवला आणि सरकारने तो सोडून दिला. जत्तींच्या हाती जे साधन नव्हते, ते नारायणन यांच्या हाती होते आणि त्यांनी ते वापरले.

बेंगळूरुतील अखेरची वर्षे

जुलै १९७७ मध्ये नीलम संजीव रेड्डी बिनविरोध राष्ट्रपती झाले आणि २५ जुलैला जत्तींनी कार्यभार त्यांच्या हाती सोपवला. त्यानंतर ते पुन्हा उपराष्ट्रपती म्हणून राज्यसभेच्या आसनावर जाऊन बसले आणि ऑगस्ट १९७९ पर्यंतची आपली मुदत त्यांनी पूर्ण केली. दिवाणपद गेल्यावर वकिली आणि मुख्यमंत्रिपद गेल्यावर अर्थखाते, तसेच हेही.

निवृत्तीनंतर बसव समितीचे काम हेच त्यांचे जीवन झाले. महात्मा बसवेश्वर आणि इतर शरणांची वचने कन्नडच्या बाहेरील वाचकांपर्यंत पोहोचावीत, हा समितीचा ध्यास होता. त्यांच्या पश्चात वचनांचे अनुवाद अनेक भारतीय भाषांत प्रसिद्ध झाले व त्यात मराठीही आहे. मंगळवेढ्यात राहून गेलेल्या बसवेश्वरांचे विचार मराठी माणसाला परके नाहीत. कन्नड आणि मराठी या दोन शेजारी भाषांमधला हा पूल आपल्यासारख्या बेंगळूरुतील मराठी मंडळींना जवळचा वाटावा असाच आहे.

७ जून २००२ रोजी बेंगळूरुत त्यांचे निधन झाले. नगरपालिकेपासून राष्ट्रपतिपदापर्यंत लोकशाहीची जवळजवळ प्रत्येक पायरी त्यांनी पाहिली. त्यांच्या हातून चुका झाल्या. ओरिसातील शिफारस आणि आणीबाणीतील मौन यांबद्दल इतिहास त्यांना प्रश्न विचारील. पण मोठी सही करण्यापूर्वी थोडे थांबावे, हा धडा त्यांच्या जीवनातून घेण्यासारखा आहे. तो राष्ट्रपतींना लागू आहे, तसाच घरातल्या, कचेरीतल्या आणि उत्सव समितीतल्या कागदावर सही करणाऱ्या आपणा सर्वांनाही लागू आहे. बुद्धीची देवता असलेल्या श्रीगजाननाच्या चरणी तेवढा विवेक मागू या, आणि आपल्या शहरात विसावलेल्या या लोकसेवकाला विनम्र अभिवादन करू या.

॥ गणपती बाप्पा मोरया ॥